थोडंसं तरी घ्या

आमच्या उतई गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे बाजारातला गतिरोधक. त्यावर मोटारसायकल चढली की मागे बसलेल्याला क्षणभर आजूबाजूचा मुलूख दिसतो, संपलं. बाकी चहूकडे धानाची शेतं, तळी आणि लांबवर भिलाईच्या प्लांटची धुरांडी. आमच्या वाट्याला डोंगर आलेच नव्हते असं नाही. दल्ली-राजहराला लोखंडाचे चांगले डोंगरच्या डोंगर होते. ते फोडून, भिलाईला आणून, १९५९पासून भट्टीत वितळवून आम्ही त्यांचे रेल्वेचे रूळ केले. आता दरवर्षी आश्विन लागला की त्याच रुळांवरून दुसऱ्याचा डोंगर चढायला डोंगरगडला जातो.

व्यायामाच्या बाबतीतही गाव स्वावलंबी आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र उतईतच आहे. तिथली तरणीताठी पोरं पहाटे पळतात, उतईकर चहाच्या टपरीवरून ते बघतात आणि गावाचा त्या दिवसाचा व्यायाम उरकतो. मी तर दोन कप बघतो.

हे असंच सुखानं चाललं असतं, पण माझे साडू पुण्यात राहतात. ते ट्रेकवाले. सप्टेंबरात त्यांचे कासच्या पठारावरच्या फुलांचे फोटो येतात, ऑक्टोबरात कळसूबाईचे. प्रत्येक फोटोत फुलं किंवा शिखर मागे आणि साडू पुढे. एकदा फोनवर म्हणाले, "कळसूबाई! १६४६ मीटर! तुमच्याकडे या सीझनला काय असतं?"

"डोंगरगड."

"उंची किती?"

"सोळाशे."

"मीटर?"

इथे मी फोनला रेंज नसल्यासारखं केलं. डोंगरगडच्या डोंगरावर बम्लेश्वरीचं देऊळ आहे आणि त्याची उंची लोक सोळाशे सांगतात ती फुटांत. पण 'फूट' हा शब्द वाक्यात कुठं घालायचा याचं स्वातंत्र्य सांगणाऱ्याला असतं.

आमच्याकडे या नवरात्राला क्वांर नवरात म्हणतात. एरवी डोंगरगड म्हणजे राजनांदगाव आणि गोंदियाच्या मधलं, डोंगराच्या कुशीत निवांत पडलेलं रेल्वेचं छोटं गाव. नवरात्रात मात्र एरवी न थांबणाऱ्या एक्स्प्रेस गाड्यासुद्धा तिथे थांबायला लागतात. आपल्या देव्यांना सपाटीवर जागा मिळाली नसती असं नाही. पण वणीची सप्तशृंगी घ्या, माहूरची रेणुका घ्या, सगळ्यांनी बघूनबघून डोंगर निवडलेत. घरात कपाटावरचा डबा काढायला स्टूल शोधणारा माणूस यामुळे वर्षातून एकदा तरी शंभरेक पायऱ्या चढतो. डोंगरगडला त्या हजारावर आहेत.

तिथं जायचे दोन मार्ग. पहिला शहाण्यांचा : दुर्गला गाडीत बसायचं, तासाभरात उतरायचं. दुसरा पायी. भिलाई-दुर्गकडून हजारो माणसं या दिवसांत पदयात्रेला निघतात, हायवेची एक बाजूच त्यांच्यासाठी राखून ठेवतात. सत्तर किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. मी जन्मभर पहिल्या मार्गाचा भक्त होतो. पण आमच्या शेजारी फोरमनसाहेब राहतात.

फोरमनसाहेब मूळचे नागपूरचे. प्लांटमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हाताखाली माणसं असल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. घटस्थापनेच्या आधी ते कुंपणावरून म्हणाले, "काय भाऊ, यंदा पायी येऊन राहिले ना डोंगरगडले?"

"बघतो," मी म्हणालो.

माझा स्वभाव भिडस्त. नकार माझ्या पोटात तयार असतो, पण तो घशापर्यंत येईतो 'बघतो' होतो. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार जणांनी माझं अभिनंदन केलं, आणि एका म्हाताऱ्या बाईंनी देवीला वाहायला माझ्याकडे अकरा रुपये दिले. आता मागे फिरणं म्हणजे अफरातफर.

बायको वाईची. पाचगणीचा घाट बघत मोठी झालेली. ती म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरून दूध आणायला तुम्ही स्कूटर काढता."

"श्रद्धा असली की—"

"श्रद्धा आहे हो, गुडघे आहेत का?" असं म्हणून तिनं स्वतःचं गाडीनं जायचं ठरवून टाकलं. डोंगराच्या पायथ्याशी भेटू, म्हणाली.

मी बूट घेतले. दुकानदारानं ते बोटावर तोलून दाखवले, "सर, पहना है कि नहीं, पता ही नहीं चलेगा." पुढे दर पावलाला पता चलत होता. फोरमनसाहेब हवाई चपलेवर निघाले. सोबत त्यांचे जुने हाताखालचे दोघे होते. ते त्यांना अजूनही घाबरत असल्यामुळे वाटेत कुणाचेच पाय दुखणार नव्हते. क्वांरचं ऊन धान पिकवायला असतं, माणसाला नाही, म्हणून दिवस कलल्यावर निघालो.

आता माझी समजूत अशी होती की पदयात्रेत कसोटी पायांची लागते. साडूंनीही फोनवरून तेच सांगितलं होतं : पाणी थोडं थोडं प्या, श्वास सांभाळा, जवळ काहीतरी खायला ठेवा.

जवळ काहीतरी खायला ठेवा!

वाटेवर सेवा पंडाल असतात. पदयात्रींना चहा, नाश्ता, जेवण, औषध, विश्रांती, सगळं फुकट आणि मनापासून. एक पंडाल संपतो न संपतो तोच पुढच्या पंडालातलं देवीचं जसगीत ऐकू यायला लागतं. दोन्हीकडच्या भोंग्यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी असते, तिथे माणसाला स्वतःचा विचार ऐकू येतो. त्या पट्टीत मी दर वेळी ठरवायचो की आता कुठेही थांबायचं नाही. पण पंडालातली माणसं आत बसून वाट बघत नाहीत. ती ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी असतात.

पहिल्याच पंडालात भरपूर तुपातला शिरा झाला. अजून दुर्गसुद्धा आलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी मी हात जोडून म्हणालो, "आत्ताच खाल्लं."

"वो उनका था. ये हमारा है."

या युक्तिवादाला उत्तर नाही. पुरी-भाजी घेतली. पुढे मी युक्ती केली. म्हटलं, "माझा उपास आहे." तो माणूस आनंदानं ओरडला, "उपास वाले इधर!" आणि मला एका वेगळ्या टेबलापाशी नेण्यात आलं. तिथं साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याचा हलवा, केळी आणि रताळी असा ज्याला उपास म्हणतात तो प्रकार होता. त्याच्या पुढच्या पंडालात मी शुगर असल्याचं सांगितलं; तिथे शुगरवाल्यांचा चहा वेगळ्या किटलीत होता आणि त्याच्याबरोबर बशीत मुरमुऱ्यांचा चिवडा. शेवटी मी ब्रह्मास्त्र काढलं : "डॉक्टरनं मना किया है."

"डॉक्टर साहब यहीं बैठे हैं."

खरंच बसले होते. त्या पंडालात आरोग्य शिबिर होतं. त्यांनी माझं ब्लड प्रेशर बघितलं, "बढ़िया है" म्हणाले, आणि एक केळं दिलं.

फोरमनसाहेब मात्र प्रत्येक ठिकाणी शांतपणे खात होते. "घ्या ना भाऊ," ते म्हणायचे, "दाईचा परसाद हाय. नाही म्हनू नका." आणि माझा द्रोण रिकामा दिसला की वाढणाऱ्याला खूण करायचे. नोकरीत त्यांनी एकही भट्टी रिकामी राहू दिली नसणार.

सेवा करणाऱ्यांची मला चेष्टा करायची नाही. रात्री दोनला, कुणीही न सांगता, परक्या माणसासाठी पुऱ्या तळत उभं राहणं मला जमलं नसतं. एवढंच सांगतो की बॅनरवर सव्वीस-सत्तावीस चेहरे असतात : अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, संरक्षक, मार्गदर्शक, निवेदक. तळायला दोघे असतात आणि ते बॅनरवर नसतात. एके ठिकाणी एका संरक्षकांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला, पण सोडला नाही. मी ओढतोय, ते धरून आहेत. मग कळलं, फोटो नीट आला नव्हता. दुसऱ्या क्लिकला हसायचं मी हसलो. तो फोटो अजून कुठंतरी फिरत असेल : भुकेलेला पदयात्री.

शिवनाथचा पूल ओलांडला तेव्हा पायांपेक्षा पोट जड झालं होतं. अंजोऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज आहे. तिथून जाताना फोरमनसाहेबांच्या हाताखालच्यांपैकी एक जण लंगडायला लागला आणि कॉलेजच्या फाटकाकडे आशेनं बघायला लागला. "चाल," फोरमनसाहेब म्हणाले. तो चालला.

सोमनीच्या अलीकडे पाय दाबायचा पंडाल लागला. मला वाटलं, चला, इथे तरी खायला नाही. रांगेनं प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे मिठाच्या गरम पाण्याचं घमेलं. एका पोरानं माझे बूट काढले, मोजे काढले, आणि टाच बघून जीभ चुकचुकली. मग तळवा मांडीवर घेऊन सरसोंचं तेल चोळायला लागला. आंगठ्यानं त्यानं पोटरीत अशी एक नस शोधून काढली की जिच्याशी माझा पन्नास वर्षांत परिचय झाला नव्हता. मी ओरडलो. त्याला ते कौतुक वाटलं. त्यानं तीच नस परत दाबली.

"कहां ले आवत हव, कका?"

"उतई ले."

"अतकेच दुरिहा ले?" त्यानं माझ्या पायाकडे नव्यानं बघितलं. शेजारच्या खुर्चीत रायपूरहून चालत आलेली एक आजी होती, अनवाणी. तिनं पाय दाबून घ्यायला नकार दिला होता, आणि त्यांनी तो ऐकलाही होता. सबंध वाटेत मला दिसलेला तो एकमेव यशस्वी नकार. कसं जमवलं ते विचारावं म्हणून मी वळलो, तोवर ती पुढे निघून गेली होती, आणि माझ्या हातात पोरानं केळं ठेवलं होतं.

राजनांदगावात शिरेपर्यंत बोलणं बंद पडलं होतं. हे मुक्तिबोधांचं गाव. घरी मराठी बोलणारा हा हिंदीतला मोठा कवी इथल्या दिग्विजय कॉलेजात शिकवायचा. १९६४ साली आलेल्या त्यांच्या संग्रहाचं नाव 'चाँद का मुँह टेढ़ा है'. मी मान वर करून खात्री करून घेतली. चंद्र केव्हाच मावळला होता. वाकडी तोंडं होती ती आमची.

पुढे तुमडीबोड, मुसरा. तिथलं मी सांगत नाही, कारण जागं राहून खाल्लेलं आणि झोपेत खाल्लेलं यांतला फरक मला उरला नव्हता.

डोंगरगडला बायको स्टेशनवरून आली, न्हाऊनमाखून, केसात गजरा. माझ्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. "किती उतरलात हो," ती म्हणाली आणि पिशवीतून डबा काढला. "वाटेत कुठलं धड खायला मिळणार! उपासाची थालीपीठं केलीत. लोणीपण आहे."

भीड हायवेवर आडवी येते तशी घरातही येते. घरात जरा जास्तच. आम्ही कामकंदला तलावाच्या काठी बसलो.

या तलावाची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. इथं कामसेन राजाचं राज्य होतं. त्याच्या दरबारात कामकंदला नावाची नर्तकी होती. माधवानल नावाच्या संगीतकारावर राजा खूश झाला आणि त्यानं त्याला गळ्यातला मोत्यांचा हार दिला. माधवानलानं तो तिथल्या तिथं कामकंदलेला देऊन टाकला. राजा संतापला, माधवानल हद्दपार झाला. पुढे थेट विक्रमादित्याला यावं लागलं, युद्ध झालं. गोष्ट प्रेमाची म्हणून सांगतात. मला त्या दिवशी तिच्यात वेगळंच दिसलं. एकानं प्रेमानं दिलेलं दुसऱ्याकडे सरकवलं की या मुलखात राज्यं हादरतात. तरी मी एक थालीपीठ हळूच फोरमनसाहेबांच्या पानात सरकवलं. बायकोनं ते बघितलं. विक्रमादित्य काही आला नाही.

उरलेली दोन थालीपीठं डब्यात घालून तिनं तो माझ्या हातात दिला. "चढताना लागतील."

रोपवेची रांग बघून बायकोसुद्धा पायऱ्यांकडे वळली. रांगेत जो तो पुढच्याला सांगत होता, "भैया, हमारी जगह देखना, दो मिनट में आए." त्यामुळे निम्मी रांग उरलेल्या निम्म्या रांगेची जागा धरून उभी होती. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं. नारळ, चुनरी, बांगड्या, शिट्ट्या, आणि पोरांना चढणं अवघड जावं म्हणून प्लास्टिकच्या बंदुका. मी एकूण पायऱ्या किती ते विचारत गेलो. प्रत्येक दुकानदाराचा आकडा वेगळा होता आणि प्रत्येकानं तो छातीठोक सांगितला. उतरणाऱ्यांना विचारलं, "अजून किती?" तर सगळ्यांचं एकच : "बस, आ ही गए!" तळाशीही तेच, मध्यावरही तेच. एक गृहस्थ तर मी दहावी पायरी चढत असताना "आ ही गए" म्हणाले. यांतला एकही माणूस एरवी खोटं बोलत नसेल. पण उतरताना माणसाचा जीव हलका होतो आणि त्याला जगाचं भलं करावंसं वाटतं.

अर्ध्यावर मी कठड्याला टेकलो. तेवढ्यात वरून एक माकड आलं, माझ्यासमोर बसलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डब्याकडे. फोरमनसाहेब ओरडले, "भाऊ, डबा सांभाळा!" मी सांभाळला नाही. त्यानं डबा घेतला, झाकण उघडलं, वास घेतला आणि छपरावर जाऊन दोन्ही थालीपीठं खाल्ली. अख्ख्या प्रवासात मला काही न देता माझ्याकडून काही नेणारा तो पहिला जीव. मी त्याला हात जोडले. बायकोला वाटलं मी हनुमंत म्हणून जोडले, तिनंही जोडले. डबा मात्र स्टीलचा होता, त्यावर तिच्या माहेरचं नाव कोरलेलं होतं, आणि त्या विषयावर शेवटच्या पायरीपर्यंत बोलणं झालं.

वर वारा होता. खाली गाव, तळी, राजहराचा डोंगर वितळवून केलेले रूळ, आणि पलीकडच्या टेकडीवर प्रज्ञागिरीचे भगवान बुद्ध, ज्यांना कुणी शिरा घ्यायचा आग्रह करत नव्हतं. गाभाऱ्याशी स्वयंसेवक "चलो, चलो, आगे चलो" करत होते. चालत येताना मी देवीकडे काय काय मागायचं याची यादी केली होती. समोर उभा राहिलो, म्हाताऱ्या बाईंचे अकरा रुपये आधी टाकले, ते विसरलो असतो तर तोंड दाखवायला जागा नव्हती. मग माझं पहिलं मागणं आठवेपर्यंत मागच्यांनी मला बाहेर काढलं होतं. हातात प्रसाद होता. फोरमनसाहेबांनी विचारलं, "काय मागितलं?" मी म्हणालो, "अजून काही नको, एवढंच." त्यांना मी फार मोठा भक्त वाटलो, गल्लीत त्यांनी ते तसंच सांगितलं.

उतरताना पहिल्या वळणावरच एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत वर येत होते. त्यांनी विचारलं, "कितना बाकी है?" मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचा माझा विचार होता.

"बस, आ ही गए!"

परत सगळे गाडीनं आलो. घरी वजनकाट्यावर उभा राहिलो. सत्तर किलोमीटर आणि हजारावर पायऱ्या मिळून दीड किलो वाढलं होतं. बायकोनं काटा झटकून पुन्हा उभं राहायला लावलं. काट्यालाही भीड नव्हती.

कोजागरीला भिलाईतल्या मराठी मंडळींकडे आटीव दूध प्यायला गेलो, तेव्हा फोरमनसाहेबांनी पदयात्रेचं वर्णन केलं. त्यात रात्री वाढल्या होत्या, पल्ला शंभराच्या पुढे गेला होता, आणि माझी टाच सोलवटली ती हाड दिसेपर्यंत. मी मान डोलावत होतो. वर्णनात माकडाचा वानरसमुदाय झाला तेव्हाही डोलावली. कुणीतरी माझा रिकामा ग्लास भरला. तेही प्यालो.

ही कीर्ती फोटोसकट पुण्याला पोचली. साडूंचा फोन आला. पुढच्या नवरात्राला ते येणार आहेत. त्यांच्याकडे खास काठ्या आहेत, बॅटरीचा दिवा कपाळाला बांधतात, पाठीवरच्या पिशवीतूनच नळीनं पाणी पितात. "तयारी कशी करू?" ते म्हणाले. "रोज दहा मजले जिना चढू? की सिंहगड करू आठवड्याला?"

"जिना नको, सिंहगडही नको," मी म्हणालो. "संध्याकाळी साडेसहाला शिरा खा. सातला पुरी-भाजी. साडेसातला साबुदाण्याची खिचडी, वर चहा. आठला पुन्हा शिरा, दुसऱ्याच्या हातचा. आणि प्रत्येक वेळी समोरच्याला नाही म्हणून बघा. ज्या दिवशी एकदा तरी नाही म्हणता येईल, त्या दिवशी तिकीट काढा."

ते हसले. म्हणाले, मी रोज मीटिंगमध्ये लोकांना नाही म्हणतो, त्यात काय.

आठवड्यानं मेहुणीचा फोन. "भाऊजी, तुम्ही ह्यांना हे काय सांगितलंय? समोरच्या काकूंनी शिरा पाठवला होता. हे म्हणाले, आज मी नाही म्हणायची प्रॅक्टिस करणार."

"मग?"

"काकू स्वतःच बाउल घेऊन आल्या. म्हणाल्या, थोडंसं तरी घ्या."

"मग काय केलं त्यांनी?"

"आत बसलेत. तिसरा बाउल चाललाय."